शेवटची सतरा घरं

तिने काचेच्या नळीतल्या पाण्यात तपासणीचे चार थेंब टाकले, तोंडावर अंगठा दाबून नळी दोनदा उलटी केली आणि उजेडासमोर धरली. पाणी होतं तसंच राहिलं. नितळ, गार, कुणालाही घटाघटा प्यावंसं वाटेल असं.

"पिवळं नाही झालं," शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "चांगलं आहे ना मग?"

"वाईट आहे, बाई. पाण्यात जंतू मारायचं औषध असलं तर ते पिवळं होतं. नाही झालं म्हणजे औषध नाही."

"अजबच आहे तुमचं खातं. डोळे पिवळे झाले तर वाईट, पाणी पिवळं झालं तर चांगलं!"

बाई हसल्या, पण ते हसू ओठांवरच संपलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या आणि गल्लीतली निम्मी माणसं अजूनही त्यांना बघून हातातली विडी लपवत. गेले पाच दिवस त्यांची सून इस्पितळात होती. सातवा महिना चालू होता आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. कावीळ एरवी माणसाला महिनाभर झोपवते आणि सोडून देते. पोटुशा बाईला ती तशी सोडेलच याची खात्री नसते. हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं, पण शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला डॉक्टरचा चेहरा वाचता येणार नाही, तर कुणाला येणार!

नळी हातात धरून उभी असलेली ती नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात निरीक्षक होती. साथ आली की घरोघर जायचं, कोण आजारी आहे, कधीपासून, महिनाभरापूर्वी काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं हे विचारायचं आणि साथ कुठून आली ते हुडकून तिचं तोंड बंद करायचं, हे तिचं काम. ती इतके प्रश्न विचारायची, की कचेरीत तिला 'चौकशीची खिडकी' म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. उलट एकदा तिने आपल्या टेबलावर तशी पाटीच लावली होती, ती मुख्य डॉक्टरांनी काढायला लावली.

पण या वेळी प्रश्न विचारून तिच्या जिभेला फोड यायची पाळी आली होती आणि उत्तर हाती लागत नव्हतं. चार आठवड्यांत सव्वीस रुग्ण. सगळेच्या सगळे या उताराच्या गल्लीतल्या शेवटच्या सतरा घरांतले. त्याच गल्लीतल्या पुढच्या एकतीस घरांत एकाला साधी मळमळसुद्धा नाही. गल्ली एक, टाकी एक, नळ एक. मुलं एकाच शाळेत जात, दूध एकच माणूस घाली, बर्फाचा गोळा एकाच गाडीवरचा खात. मग आजाराने बरोबर अठ्ठेचाळिसातली शेवटची सतरा घरं कशी निवडली?

पाणीपुरवठ्याचा तरुण अभियंता म्हणे, "मॅडम, नळाच्या शेवटाला जाईपर्यंत औषध विरतं. त्यात नवल नाही." त्याने तिच्या आग्रहाखातर तीन ठिकाणी रस्ता खणला होता. तिन्ही ठिकाणी नळ ठणठणीत निघाला आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या तेवढ्या त्याच्या पदरात पडल्या. "आता नकाशावर बोट ठेवा," तो म्हणाला, "तिथे खणतो. अंदाजाने नाही."

तिने नळी धुतली आणि पेटीत ठेवली. बाई तिच्याकडे निरखून बघत होत्या.

"तू मिस्त्रींची मुलगी ना? परवापासून म्हणतेय, हे नाक कुठे पाहिलंय."

"हो. त्यांचीच."

"मग आधी नाही का सांगायचं! अगं, तुझ्या वडिलांमुळे या गल्लीत माणसं टिकली. बावीस वर्षं झाली त्या उन्हाळ्याला. एकवीस दिवस नळाला थेंब नव्हता. साहेब लोक येऊन मान हलवून जायचे. तुझे वडील सकाळी चार माणसं घेऊन आले आणि दिवस मावळायच्या आत आमच्या नळांना पाणी! मी तेव्हा रडले होते, खोटं कशाला सांगू."

ही गोष्ट तिला तोंडपाठ होती. बाबा पाणीखात्यात मिस्त्री होते आणि ही त्यांची एकुलती एक गोष्ट होती. पाहुणे आले की ती निघायची. एकवीस दिवस, चार माणसं, एक दिवस आणि शेवटी गल्लीतल्या बायकांनी वाजवलेल्या टाळ्या. तिच्या आईला त्यातल्या टाळ्या कुठे येतात ते इतकं पाठ होतं, की ती त्याच वेळी स्वयंपाकघरात भांडं आपटायची. लहानपणी तिला वाटायचं, आपले बाबा म्हणजे पाण्याचे राजे. मोठी झाल्यावरही ते पुरतं गेलं नव्हतं.

"चल, आटप," बाई म्हणाल्या. "मला दोन कळशा भरून घेऊ दे. साडेसातला जातं पाणी."

ती पेटीची कडी लावता लावता थांबली.

"साडेसातला येतं ना?"

"जातं गं. सातच्या आधी येतं, साडेसातला जातं. बावीस वर्षांत बदल नाही."

"पण पुढच्या घरांना तर साडेसातला येतं."

"त्यांचं त्यांना माहीत," बाई म्हणाल्या आणि कळशी नळाखाली सरकवली.

तिने परवानगी न विचारताच पिशवीतले घरोघर भरलेले चौकशीचे अर्ज काढून बाईंच्या खाटेवर पसरले. चौदावा प्रश्न, पाण्याची वेळ. तो तिने प्रत्येक घरी विचारला होता, प्रत्येक उत्तर नीट लिहिलंही होतं. चूक इतकीच झाली होती, की कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे तिने आजारी घरांचे अर्ज आजारपणाच्या तारखेने लावले होते आणि निरोगी घरांचे तळाशी, घरांच्या ओळीने नव्हे. आता तिने ते घरांच्या ओळीने लावले. एक ते एकतीस : साडेसात. बत्तीस ते अठ्ठेचाळीस : पावणेसात, सातला पाच कमी, सात. नळाच्या शेवटाला पाणी आधी आणि सुरुवातीला मागून. हे म्हणजे शेपटी घरात शिरल्यावर अर्ध्या तासाने मांजराचं तोंड दारात दिसावं तसं झालं.

तिने अभियंत्याला फोन केला. तो हसला. नंतर त्याने नकाशा बघितला, हसणं थांबवलं आणि म्हणाला, "नकाशात एकच नळ आहे, मॅडम. दुसरा नाही. देवाशपथ नाही."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा ओसरीत बसून शेजाऱ्यांच्या गळक्या तोटीचा वायसर बदलत होते. शेजाऱ्यांनी सांगितलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या कुठल्याही तोटीचा थेंब त्यांच्या कानावर आला, की ते पाना घेऊन हजर होत. आई गेल्यापासून तर जास्तच.

"बाबा, एक विचारू?"

"तू आणि परवानगी? विचार."

"नळाच्या शेवटच्या घरांना पाणी आधी आलं आणि पहिल्या घरांना मागून, असं होतं का कधी?"

पाना फिरायचा थांबला.

"कुठल्या गल्लीत?"

"उताराच्या. शेवटची सतरा घरं."

"कावीळ तिथे आहे?"

"तिथेच. सव्वीस झाले. तुमच्या त्या शिक्षिका आहेत ना, त्यांची सूनही आहे. सातवा महिना."

बाबांनी तोटी खाली ठेवली. पाना पुसला, फडक्यात गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. मग मोरीवर जाऊन हात धुऊ लागले. इतका वेळ हात धुताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाणी वाया घालवणाऱ्याला ते माणसात धरत नसत.

"तू जेवून घे," ते आतूनच म्हणाले.

तिला कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा, कळायला लागलं आणि तिने ते तिथेच थोपवलं. ती गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती. गोष्टीत पाणी आलं, टाळ्या वाजल्या. पण ते आलं कुठून, हे गोष्टीत कधी नव्हतंच आणि इतक्या वर्षांत 'चौकशीच्या खिडकी'नेही ते कधी विचारलं नव्हतं. अठ्ठेचाळीस घरांत प्रत्येकी चाळीस प्रश्न विचारून आलेल्या तिने आपल्या घरात एकेचाळिसावा विचारला नाही. गुपचूप जेवली, भांडी घासली आणि झोपली.

सकाळी सहाला ती उठली तेव्हा बाबांचे बूट जागेवर नव्हते. दारामागची लोखंडी कांडीही नव्हती. ही कांडी म्हणजे त्यांचं खरं हत्यार. एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसऱ्या टोकाची वाटी कानाला लावायची, की जमिनीखालचं पाणी कुठे वाहतंय, कुठे फुसफुसतंय ते ऐकू येतं. खात्यात यंत्रं आली तेव्हा सगळ्यांनी कांड्या भंगारात टाकल्या. बाबांनी आपली घरी आणली.

ती अर्धवट वेणीनेच निघाली. बाबा उताराच्या गल्लीच्या टोकाला, शाळेच्या मागच्या भिंतीशी सापडले. तिथून जुनं, वर फरशा टाकलेलं गटार जात होतं. त्याच्या कडेला गुडघे टेकून, कांडीला कान लावून ते बसले होते. सत्तरीच्या माणसाने असं बसू नये म्हणून त्यांना ओरडावं असं तिच्या मनात आलं, पण ती थांबली. पावणेसात झाले. बाबांनी एक बोट वर केलं. मग डोळे मिटून घेतले.

"आलं," ते म्हणाले. "पलीकडच्या छापखान्याच्या गल्लीतून येतंय. इथे फुटलंय. बोलाव तुझ्या अभियंत्याला."

तिने काही विचारलं नाही. फोन लावला.

नऊ वाजेपर्यंत फरशा निघाल्या होत्या. अभियंता, त्याची चार माणसं, आरोग्य खात्याचे मुख्य डॉक्टर आणि अर्धी गल्ली गटाराभोवती गोळा झाली होती. गटाराच्या काळ्या पाण्यातून, त्याच्या पोटातूनच म्हणायचं, दोन इंची लोखंडी नळ आडवा गेला होता. एका जोडावर गंजाने असा खाल्ला होता, की चिमटीने पापुद्रे निघावेत. सकाळी नळात जोर असताना पाणी बाहेर उडे. साडेसातला पाणी बंद झालं, की रिकामा झालेला तोच नळ गटार आत ओढून घेई. दुसऱ्या दिवशी ते सगळं सतरा घरांच्या हंड्यांत.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. ते उगाच कौतुक करणारे गृहस्थ नव्हते. "सापडलं तुम्हाला," एवढंच म्हणाले, पण खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. आधीच पोटात गेलेलं सोडलं तर साथ इथेच थांबणार होती. पन्नासावा, साठावा, शंभरावा रुग्ण कोण झाला असता हे कुणालाच कधी कळणार नव्हतं, त्या माणसाला स्वतःलाही नाही. तिच्या खात्याचं कामच असं मुलखावेगळं. पण ते तिने केलं होतं.

"पण हा नळ आला कुठून?" अभियंता नकाशा उलटासुलटा करत होता. "नकाशात नाही, नोंदीत नाही. कुणीतरी चोरून जोडलेला दिसतोय."

'चोरून' हा शब्द गर्दीत पडायचाच अवकाश. गल्लीत एक प्लंबर राहत होता, चाळिशीचा, गरीब स्वभावाचा. त्याचीही मुलगी काविळीने घरी पडून होती.

"याचाच उद्योग असणार," कुणीतरी म्हणालं.

"मी? अहो, माझीच पोर आजारी आहे!"

"मग दुसऱ्या कुणाला येतं हे काम इथे?"

"गटारातून पाणी आणलंस आमच्या तोंडात?"

कुणीतरी त्याच्या सदऱ्याला हात घातला. ती मधे पडणार होती, पण तिच्या हातात अहवालाचा कागद होता आणि त्यातल्या 'जोडणी कुणी केली' या चौकटीत तिने दोन मिनिटांपूर्वीच 'अज्ञात' असं लिहिलं होतं. शाई अजून वाळली नव्हती. डॉक्टरही म्हणाले होते, "उगम सापडला, पुरे झालं. नाव शोधणं आपलं काम नाही." त्या एका शब्दाच्या आडोशाला बाबांना उभं करावं आणि घरी घेऊन जावं, एवढंच तिला हवं होतं. आयुष्यभरात त्यांच्याकडे अभिमानाने सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. ती या गटारात पडताना तिला बघायची नव्हती.

"सोडा त्याला," बाबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण गल्ली त्यांचा मान राखायची. सदरा सुटला.

"मी टाकलाय तो नळ."

कुणाला चटकन अर्थच लागला नाही. अभियंत्याला वाटलं, म्हातारा प्लंबरला वाचवायला बघतोय.

"काका, तुम्ही कशाला..."

"बावीस वर्षांपूर्वी. त्या उन्हाळ्यात. तुमचा नळ दगडाने बुजला होता, शेवटपर्यंत पाणी पोचतच नव्हतं. छापखान्याच्या गल्लीत पाणी होतं. मधे खडक. खणायला दहा दिवस लागले असते. गटार सरळ जात होतं, मी त्यातून नळ ओढला. पिण्याच्या पाण्याचा नळ गटारातून न्यायचा नाही हे मला शिकवायला कुणी नको होतं. पंधरा दिवसांसाठी टाकतोय असं म्हणालो. मंजुरी नव्हती, म्हणून नकाशात घातला नाही. मग पाऊस झाला. काढला असता तर तुमचं पाणी पुन्हा गेलं असतं. आज काढू, उद्या काढू." ते थांबले. "लोखंड दहा वर्षं टिकतं. मला माहीत होतं."

शिक्षिकाबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांच्या हातात इस्पितळात न्यायचा डबा होता.

"बावीस वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. दर वेळी वाटलं," बाबा म्हणाले. "पण मी गल्लीत आलो की तुम्ही आभार मानायचात. ते ऐकून झालं की सांगायचं राहून जायचं."

बाईंनी हातातला डबा पुढे धरला. "माझी सून आहे तिथे."

"कळलं मला. काल संध्याकाळी."

निरीक्षक उभी होती तिथेच उभी राहिली. आपल्या बापाचा असा पाणउतारा भर गल्लीत होताना बघून मान खाली जायला हवी होती. ती गेली नाही. टाळ्यांच्या गोष्टीतल्या बाबांचा तिला लहानपणी वाटला त्याहून कितीतरी जास्त अभिमान तिला या क्षणी, या गटाराच्या काठावर वाटला आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिने कागद गुडघ्यावर ठेवला, 'अज्ञात' खोडलं आणि वडिलांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि साल स्वच्छ अक्षरात लिहिलं.

नळ कापायला माणूस करवत घेऊन खाली उतरत होता.

"द्या इकडे," बाबा म्हणाले. अभियंत्याने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. म्हातारा गटारात उतरला. नळ कापायला वीस मिनिटं लागली. मधे दोनदा दम घ्यायला थांबले, पण करवत दुसऱ्याच्या हातात दिली नाही.

बाई सगळं संपेपर्यंत उभ्या होत्या. बाबा वर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता आम्ही पाणी कुठलं प्यायचं?"

"टँकर येईल," डॉक्टर म्हणाले. "नवा नळ पडेपर्यंत रोज. औषधाच्या गोळ्या घरोघर देऊ. आणि पाणी उकळूनच."

"टँकर मला माहीत आहेत," बाई बाबांकडे बघत म्हणाल्या. "भांडणं होतात, निम्मं पाणी रस्त्यावर सांडतं. तुम्ही येऊन उभे राहा. शेवटचं घर भरेपर्यंत."

हे माफ करणं नव्हतं. बाईंनी शाळेतही कुणाला असं सहज माफ केलं नव्हतं. त्या चूक दुरुस्त करायला लावत. बाबा येतो म्हणाले.

आणि आले. पंचवीस दिवस, रोज सकाळी सहाला. हातात काचेची नळी आणि थेंबांची बाटली. प्रत्येक टँकरचं पाणी पिवळं झाल्याशिवाय ते पहिली कळशी लावू देत नसत. एकदा टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, पाणीच आहे, विष नाही." बाबांनी त्याला टँकर जसाच्या तसा परत न्यायला लावला आणि औषध घालून आणवला. गल्लीतली काही माणसं त्यांच्याशी बोलत नव्हती. प्लंबर बोलत होता. तोच रोज त्यांना बसायला पिंप उलटं करून द्यायचा. ती कामावर जाताना वाट वाकडी करून त्या बाजूने जायची आणि लांबूनच बघायची. कचेरीत कुणी विचारलं, की सांगायची, "ते थेंब टाकतायत ना, ते माझे वडील." मग तिचं तिलाच हसू यायचं. आईने या ठिकाणी नक्की भांडं आपटलं असतं.

खात्याकडून बाबांना खुलासा मागणारं दोन पानी पत्र आलं. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, 'होय, मीच टाकला.' पुढे काय करायचं ते पत्र लिहिणाऱ्यांना समजलं नसावं; त्यांनी पुन्हा लिहिलं नाही.

नळ कापल्यावरही महिनाभर अधूनमधून कुणी पिवळं पडलं. आधीच पोटात गेलेल्या पाण्याचे ते शेवटचे फटके होते, आणि तसं होईल हे तिने गल्लीला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी घाबरलं नाही. चौतीस झाले आणि थांबले. बाईंची सून घरी आली. वेळेवर, धडधाकट मुलगी झाली. बाईंनी ते स्वतः कचेरीत येऊन डॉक्टरांना सांगितलं, मिस्त्रींच्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला, आणि जाताना दारातून म्हणाल्या, "वडिलांनाही कळव."

शेवटच्या रुग्णाला दोन महिने झाले तेव्हा अभियंता नवा नकाशा घेऊन आरोग्य खात्यात आला. डॉक्टरांनी हट्टच धरला होता, की यापुढे पाण्याच्या नकाशाची एक प्रत त्यांच्या भिंतीवर राहील. बाबांनाही बोलावलं होतं. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन्सिलीने छापखान्यापासून उतारापर्यंत एक रेघ ओढली, तिच्यावर फुली मारली आणि बाजूला कापल्याची तारीख घातली. हात अजिबात हलला नाही.

"झालं, काका. उपकार झाले," अभियंता म्हणाला आणि नकाशाची गुंडाळी करायला लागला.

बाबांनी नकाशावर तळवा ठेवला.

"थांबा. अजून तीन आहेत."

अभियंता मटकन खुर्चीत बसला. "तीन? तुमचे?"

"दोन माझे. एक माझ्या साहेबांचा. ते आता नाहीत, नळ आहे."

डॉक्टर पुढे झुकले.

"तिथे कुणी आजारी आहे का?"

"अजून नाही," बाबा म्हणाले.

ती उठली. कपाटातून साथीच्या नोंदीचे तीन कोरे अर्ज काढून आणले आणि वडिलांच्या समोरची खुर्ची ओढून बसली. हा अर्ज ती चौदा वर्षं भरत होती. रुग्णांची संख्या ही त्यावरची पहिलीच चौकट, आणि रुग्ण असल्याशिवाय अर्ज सुरू झाल्याचं तिला आठवत नव्हतं. तिन्ही अर्जांवर तिने त्या चौकटीत शून्य लिहिलं. शून्य जरा सावकाशच काढलं. मग पहिला अर्ज पुढ्यात घेऊन तिने वडिलांकडे पाहिलं.

"गटारातून जातो का?"

"जातो," बाबा म्हणाले. "लिही."